मरण कोपऱ्यात ठेवायचं की मधोमध?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. सकाळच्या गर्दीत तुम्ही दादरच्या प्लॅटफॉर्मवर उभे होतात. रुळांवरून एका माणसाला स्ट्रेचरवर वर आणलं. तो गेलेला होता. वर पांढरी चादर होती, पाय उघडे होते. हमालांनी स्ट्रेचर खाली ठेवलं आणि तिथेच उभ्याउभ्या चहा घेतला. एक जण वडापाव खात होता, एक बाई फोनवर कोथिंबिरीचा भाव सांगत होती. गाडीची घोषणा झाली आणि सगळे गाडीकडे वळले. यावर तुम्ही कविता लिहिलीत, मग तोच प्रसंग कॅनव्हासवर घेतलात. दोन्ही पाहून मित्र म्हणाले, ‘भाषण वाटतंय.’ तुम्ही विचारताय, जगाची ही बेफिकिरी दाखवायची कशी, आणि चित्रात प्रेत मधोमध ठेवू की कोपऱ्यात?

मी चित्रकार आहे. २८ वर्षं मुंबईत चित्रकला शिकवली, आणि दर शनिवारी आम्ही काही जण जमून कविता वाचतो. या विषयाशी माझी स्वतःची झटापट बरीच जुनी आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

मला वाटतं, अडचण जागेची नाही. ते लोक बेफिकीर होते हे तुम्ही आधीच ठरवून टाकलंत आणि मग कविता लिहायला बसलात. ‘मुर्दाड’ हा शब्द तुमच्या कवितेत तीनदा येतो. निकाल पहिल्या ओळीत लागल्यावर वाचणाऱ्याने पुढे बघायचं काय? म्हणून ते भाषण होतं. त्या माणसांनी त्या दोन-तीन मिनिटांत नेमकं काय केलं, हे तुम्ही पाहिलंत. पण लिहिताना त्यावर ‘बेफिकिरी’ची चिठ्ठी डकवली आणि चिठ्ठीच वाचत राहिलात.

कोपरा की मध्य, याचं एकच उत्तर नाही. गेलेला माणूस आपला की परका, सांगणारा कोण, मरण कशाने आलं, यावर ते ठरतं. चित्र आणि कविता यांतही फरक आहे. चित्रात सगळं एकाच वेळी समोर असतं, त्यामुळे आकार आणि नजरेची दिशा हीच तुमची साधनं. कवितेत एकामागून एक गोष्ट येते. तिथे क्रम आणि क्रियापद.

या विषयावरचं सगळ्यांत गाजलेलं चित्र ब्रसेल्सच्या संग्रहालयात आहे, चित्रकार पीटर ब्रॉइगेलच्या नावावरचं ‘इकॅरसचं पतन’. रचना १५६०च्या आसपासची. आज तिथे टांगलेला कॅनव्हास त्याच्याच हातचा की हरवलेल्या मूळ चित्राची जुनी नक्कल, याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत. गोष्ट ग्रीक आहे. डेडॅलस नावाचा कारागीर पिसं मेणाने जोडून पंख करतो आणि मुलाला घेऊन कैदेतून उडतो. मुलगा इकॅरस सूर्याच्या फार जवळ जातो, मेण वितळतं आणि तो समुद्रात पडतो. आता चित्र पाहा. पुढे मोठा दिसतो तो लाल सदरा घातलेला शेतकरी, घोड्यामागे नांगर धरलेला. त्याच्या पलीकडे मेंढपाळ, काठीवर रेलून आकाशात बघतोय, पण भलत्याच बाजूला. काठावर एक जण गळ टाकून बसलाय. शिडं फुगलेलं जहाज चाललंय. आणि खाली उजवीकडे, जहाजाजवळ, पाण्यातून वर आलेले दोन उघडे पाय. इकॅरस म्हणून चित्रात एवढंच.

वर्गात मी हे चित्र नाव न सांगता पडद्यावर लावायचे आणि विचारायचे, ‘काय काय दिसतंय?’ नांगर, घोडा, मेंढ्या, जहाज, दूरचं शहर. पाय बहुतेकांच्या नजरेतून सुटायचे. नाव सांगितलं की वर्गात एकदम शांतता व्हायची. त्या शेतकऱ्याने पाहिलं नाही, तसं आम्हीही पाहिलं नाही, हे मुलांना कळायचं. चित्रकाराने त्या शेतकऱ्याला दोष दिलेला नाही, आपल्याला त्याच्या शेजारी उभं केलंय. तुमच्या कवितेत मात्र पाहणारे तुम्ही एकटे, आणि बाकी सगळं शहर आंधळं.

ओव्हिड या रोमन कवीने हीच गोष्ट सांगितली तेव्हा कोळी, मेंढपाळ आणि शेतकरी तिघंही वर बघून थक्क होतात. उडणारी ही माणसं त्यांना देव वाटतात. ब्रॉइगेलने तीच तीन माणसं घेतली आणि त्यांच्या माना फिरवल्या. सगळं चित्र त्या तीन मानांवर उभं आहे. पण माना फिरवताना त्याने प्रत्येकाला नेमकं काम दिलं. नांगराचा फाळ जमिनीत कसा जातो, मातीची सरी कशी उलटते, हे तो मन लावून रंगवतो. त्या माणसाला नांगरायचंच आहे. ‘मरणाऱ्यासाठी नांगर थांबत नाही’ अशा अर्थाची ब्रॉइगेलच्या मुलखातली म्हण अभ्यासक या चित्राशी जोडतात, आणि डावीकडच्या झुडपात एक फिकट चेहराही पडलेला दिसतो.

१९३८च्या डिसेंबरात, युरोपवर युद्धाचं सावट असताना, ऑडन हा इंग्रज कवी ब्रसेल्समध्ये होता. त्याने त्या संग्रहालयावर कविता लिहिली. तो म्हणतो, दुःख घडत असतं तेव्हा कुणी जेवत असतं, कुणी खिडकी उघडत असतं, कुणी नुसतं चालत असतं. जहाजाबद्दल तो सांगतो की त्याला कुठेतरी पोचायचं होतं, आणि ते शांतपणे पुढे गेलं. दोष देणारा एक शब्दही नाही. तुमचा वडापाव खाणारा माणूसही कुठेतरी निघालेला होता. तो कुठे निघाला होता, याचा तुमच्या कवितेत पत्ता नाही.

म्हणून मग प्रेत कोपऱ्यात ठेवायचं? थांबा. इथे बरेच जण फसतात. ब्रॉइगेल पाहिल्यावर मरण कोपऱ्यात छोटंसं काढायची टूम निघते; मी तशी ढीगभर चित्रं तपासली आहेत. कोपऱ्यातलं मरण म्हणजे ‘दिसलंच नाही’. मधोमध ठेवलेलं मरण आणि भोवती फिरवलेल्या माना म्हणजे ‘दिसलं आणि टाळलं’. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दादरला तुमच्यासमोर काय झालं? लोकांनी पाहिलं होतं. स्ट्रेचर वर येताना सगळ्यांच्या नजरा गेल्याच असणार. मग फिरल्या.

आणि आणखी एक आठवून बघा. दादरला सकाळी पाय ठेवायला जागा नसते. त्या स्ट्रेचरभोवती हात-दोन हात मोकळी जागा होती की नाही? असणारच. गाडीकडे धावणारे वळसा घालून गेले असतील, एखाद्याने बॅग वर उचलून धरली असेल, चादरीला लागू नये म्हणून. तेवढी जागा मुंबईचा माणूस सकाळी सव्वाआठला कुणाला देत नाही. लोकांनी डोळे फिरवले आणि पावलांनी त्या माणसाची दखल घेतली. तुमच्या चित्राचा विषय ती मोकळी जागा आहे. ती रंगवा. फरशी रंगवा, तिच्यावरचे चहाचे डाग, पिवळी पट्टी. तुमच्या बाबतीत मी प्रेत ना मधे ठेवेन, ना दूरच्या कोपऱ्यात. ते खालच्या कडेला, बघणाऱ्याच्या अगदी जवळ घेईन, चौकटीने अर्धं कापलेलं, म्हणजे पाय थेट आपल्याकडे येतील आणि मोकळी फरशी आपल्यापासून सुरू होईल.

हे मी कुठून शिकले ते सांगते, कारण ते पुस्तकातलं नाही.

१९८२ साली, गिरणी संपाच्या वर्षी, माझे वडील गेले. आम्ही लालबागला चाळीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. पहाटे साडेचारच्या सुमारास त्यांनी छातीला हात लावला आणि दहा मिनिटांत सगळं संपलं. पाचला नळाला पाणी यायचं आणि तासाभरात जायचं. आई त्यांच्या उशाशी बसली होती. गॅलरीच्या टोकाला नळ खडखडला, तसं तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘पाणी जाईल गं. आधी भरून घे.’ मी कळशी घेऊन बाहेर गेले. रांगेत बायका होत्या, माझ्याकडे बघून गप्प झाल्या. कुणाच्या तरी खोलीत रेडिओवर सकाळची धून लागली आणि अर्ध्यात बंद झाली. शेजारच्या काकूंनी माझ्या हातातली कळशी काढून घेतली, ‘तू आत जा, आम्ही भरतो.’ त्यांनी आमचं पिंप भरलं, हंडे भरले. आणि मग मागे दोघींचं नंबरावरून वाजलं, नेहमीसारखं, फक्त हळू आवाजात.

त्या दिवशी सगळ्यात ‘बेफिकीर’ वाक्य माझ्या आईने उच्चारलं होतं. तिचंच माणूस गेलं होतं. दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांना पाणी लागणार, अंघोळी होणार, हे तिला त्या क्षणीही कळत होतं. दुःख एकीकडे आणि रोजचं जगणं दुसरीकडे अशी वाटणी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत झालीच नाही. दोन्ही एकाच बाईच्या अंगात होती.

हे मी रंगवायला घेतलं ते सात वर्षांनी. पहिल्या चित्रात वडील मधोमध, मोठे, आणि भोवती करड्या रंगातल्या पाठमोऱ्या आकृत्या. माझ्या जुन्या शिक्षकांनी बराच वेळ बघून एवढंच म्हटलं, ‘या लोकांना पाठी आहेत, कामं नाहीत.’ मी ते चित्र गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या प्रयत्नात आई मोठी झाली आणि चित्र रडकं झालं. तिसरं जमलं, त्याला आणखी बारा वर्षं लागली. चार फूट रुंद कॅनव्हास. त्यावर नळ, पाण्याची धार, ओळीने लावलेले हंडे, प्रत्येक हंड्याचा वेगळा पोचा, काकूंचे कोपरापर्यंत ओले हात. मागे उघडं दार. दारातून दिसतात ती फक्त दोन पावलं, अंगठे दोऱ्याने बांधलेले. पावलांचा आकार जेमतेम दीड इंच. हंडे मी खरेखुरे समोर मांडून काढले, पितळेवरचं प्रतिबिंब दहा वेळा पुसलं. हंडा खरा झाला तशी पावलंही खरी वाटू लागली. का, ते मला पटकन सांगता येत नाही. पण बाजूच्या वस्तूवर हात चालवून काम केलं असेल, तर बघणारा मरणावर विश्वास ठेवतो, एवढं मी अनेक वेळा पाहिलंय.

कवितेत हेच काम मर्ढेकरांनी करून ठेवलंय. ‘गणपत वाणी’ काढून वाचा, आणि या वेळी फक्त क्रियापदांकडे बघा. तो काडी चावायचा, माडी बांधीन असं मनाशी म्हणायचा, लकेर मारावी तशी काडी भिरकावून द्यायचा. सगळा रीतिभूतकाळ, रोजचं, पुन्हापुन्हा होणारं. जिरं, धणे, खोबरेल, तिळाचं तेल, हिशेब, गोणपाटावरची सतरंजी, उशाला पोतं. कडव्यामागून कडवी दुकान चालू राहतं. आणि शेवटी बिडी पितापिताच तो ‘मरून गेला’. एकदाच घडून गेलेलं क्रियापद येतं, आणि ‘द्यायचा’ची सवय लागलेला आपला कान ठेचकाळतो. मरणाला ओळभरही जागा दिलेली नाही. दयेचा म्हणावा असा शब्द तर एकच आहे, ‘बापडा’. चावून टाकलेल्या काड्या मात्र दुकानाच्या जमिनीत रुतून राहतात. तुमच्या कवितेत सगळी क्रियापदं एकाच काळातली आहेत: ‘पाहत नाहीत’, ‘थांबत नाहीत’, ‘रडत नाहीत’. नाहीत, नाहीत, नाहीत. लोकांनी काय केलं नाही याची यादी करून दृश्य उभं राहत नाही.

सांगणारा बदलला की सूर कसा बदलतो, हे तांब्यांच्या ‘जन पळभर म्हणतील हाय हाय’मध्ये बघा. तिथे जाणारा माणूसच बोलतोय. आपण गेल्यावर सूर्य-चंद्र चालतील, शेतं पिकतील, सोयरे डोळे पुसून कामाला लागतील, हसतीलसुद्धा. ही तक्रार नाही. तो स्वतःची समजूत काढत काढत शेवटी शांत व्हायला निघालाय. हीच वाक्यं मागे राहिलेल्या बायकोच्या तोंडी घातली तर ती बोचतील, आणि प्लॅटफॉर्मवरच्या तिऱ्हाइताच्या तोंडी उद्धट होतील. तुम्ही तिऱ्हाईत आहात. तुम्हाला त्या माणसाचं नाव माहीत नाही. म्हणून त्याच्या वतीने शहरावर रागावण्याचा हक्क तुम्हाला सहज मिळत नाही; जे दिसलं ते नीट सांगण्याचा मात्र पुरेपूर आहे.

आता दुसरी बाजू, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. ‘जग असंच चालतं’ हा सूर प्रत्येक मरणाला लावता येत नाही. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. पूल अरुंद होता, पावसामुळे लोक आडोशाला थांबले होते, गर्दी वाढत गेली. ते मरण कोपऱ्यात ठेवून पुढे शांतपणे जाणारी गाडी कुणी रंगवली, तर मला ते चित्र खोटं वाटेल. तिथे पुलाची रुंदी हाच विषय आहे. मुंबईच्या लोकलमार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जातात. यातल्या कुठल्या मरणापुढे ‘असंच असतं’ म्हणायचं आणि कुठल्यापुढे ‘हे टळलं असतं’, हा प्रश्न ब्रश हातात घेण्याआधीचा आहे. तुमच्या माणसाचं काय झालं, तुम्हाला ठाऊक नसेल. तर ठाऊक नसणंही चित्रात राहू द्या.

जमावच मारत असेल, तर गोष्ट आणखी वेगळी. चित्रकार तय्यब मेहतांनी फाळणीच्या दिवसांत महंमद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून, खाली रस्त्यात एका तरुणाला जमावाने ठार मारलेलं पाहिलं होतं. ते आजारी पडले, आणि ते दृश्य त्यांना जन्मभर सुटलं नाही. पण त्यांची ‘पडणारी माणसं’ बघा: रस्ता नाही, जमाव नाही, खिडकी नाही. सपाट रंगात फक्त कोसळणारं, वेडंवाकडं दुमडलेलं शरीर. ब्रॉइगेलने पडणाऱ्याचे फक्त पाय ठेवले आणि सगळं जग रंगवलं. मेहतांनी जग पुसून टाकलं आणि पडणाराच ठेवला. दोघांनाही ते शोभतं, कारण दोघांनी वेगळं पाहिलं होतं. तुम्ही जमाव रंगवताय मारणाऱ्यांचा, आणि पाहिलात मात्र कामाला निघालेल्यांचा. रंगही तसेच लागलेत: तुमच्या चित्रात सगळे चेहरे काळपट-हिरवे का आहेत?

‘थंडपणा’बद्दल एक शेवटचा मुद्दा, मग तुमच्या हमालांकडे येते. गीव पटेल मुंबईचे, कवी, चित्रकार आणि डॉक्टर. मुंबई सेंट्रलला त्यांनी वर्षानुवर्षं दवाखाना चालवला. त्यांनी बुडालेली बाई रंगवली, चिरडलेलं डोकं रंगवलं, हातगाडीवाले आणि रस्तेही रंगवले. शवविच्छेदनावर त्यांची इंग्रजी कविता आहे. माणसाचं शरीर किती झटकन उघडता येतं, हे ती आवाज न चढवता सांगते. वाचताना आधी अंगावर येतं. मग लक्षात येतं की हा आवाज रोज शरीरांना हात लावणाऱ्याचा आहे. त्याचा हात थरथरत नाही, कारण थरथरून त्याचं काम होणार नाही. याला बेफिकिरी म्हणणं मला जमत नाही.

आता तुमचे दोन हमाल. तुमच्या कवितेत त्यांना सगळ्यात कडक शब्द मिळालेत, चहा प्यायले म्हणून. पण त्या अख्ख्या प्लॅटफॉर्मवर त्या माणसाला हात फक्त त्या दोघांनी लावला होता. तो रुळांत उतरून उचलला, खडीवरून तोल सांभाळत आणला, चादर टाकली. स्टेशनातून पुन्हा बोलावणं येईल तेव्हा ते पुन्हा जातील. मी तुमच्या जागी असते तर कवितेची पहिली तीन कडवी काढली असती आणि चहापासून सुरुवात केली असती.

त्यासाठी थोडं आठवावं लागेल. चहाचा ग्लास त्यांनी कुठल्या हातात धरला होता? हात धुतले होते का, आणि कुठे? त्यातला कुणी एक पूर्ण वेळ स्ट्रेचरकडे तोंड करून उभा होता का? चादर पायांवर पुरली नाही तेव्हा कुणी ती खाली ओढून बघितली का? आठवत नसेल तर एखाद्या सकाळी दादरला जा, त्यांच्यापैकी कुणी भेटलं तर बोला, आणि मला लिहा. चित्र तोवर भिंतीकडे तोंड करून ठेवा.